मोटारीचें इंजिन जुळविणें : दुरून कीं रोलरांवर?

गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गावर ‘कार्य आणि ऊर्जा’ हा पाठ चालू असतां एका विद्यार्थ्यानें उठून आम्हांस विचारलें, “सर, माझ्या मामांनीं मोटारीचें ट्यूनिंग दुरून करून घेतलें. मोटार सोलापुरांत आणि ट्यूनिंग करणारा परराज्यांत. मामा म्हणतात, वीस अश्वशक्ति वाढली. पण सर, ती मोजली कोणीं?” वर्गांत हंशा पिकला. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. कारण विज्ञानाचा आरंभ ज्या प्रश्नापासून होतो, नेमका तोच प्रश्न त्या मुलाच्या तोंडून निघाला होता. तास संपल्यामुळें त्या दिवशीं उत्तर अपुरें राहिलें. तें पुरें व्हावें आणि आपल्या वार्षिकाच्या इतर वाचकांसही त्याचा उपयोग व्हावा, ह्या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

प्रथम ट्यूनिंग म्हणजे काय तें पाहूं. तंबोऱ्याच्या तारा ज्याप्रमाणें खुंट्या पिळून सुरांत लावतात, त्याप्रमाणें इंजिनांत हवा, इंधन आणि ठिणगी ह्या तिहींचा मेळ घालावा लागतो. पेट्रोलचा एक भाग पूर्णपणें जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. इंजिनाकडून पूर्ण जोर घ्यावयाचा असेल तेव्हां इंधन थोडें अधिक देतात; मग एका भागास हवा साडेबारा-तेरा भागांच्या आसपास येते. ह्या जादा इंधनामुळें सिलिंडरांतील उष्णताही आटोक्यांत राहते. ठिणगीचेंही तसेंच. ज्वाला पसरण्यास कांहीं वेळ लागतो, म्हणून दट्ट्या माथ्यावर पोंचण्याच्या किंचित् आधीं ठिणगी पडावी लागते. ती उशिरा पडली तर शक्ति वांयां जाते. फार लवकर पडली तर शेवटीं उरलेलें मिश्रण आपोआप पेट घेतें आणि सिलिंडरांत हातोडीचे घाव बसल्यासारखा आवाज होतो. मेस्त्री लोक ह्यास ‘नॉकिंग’ म्हणतात. असे घाव बराच काळ बसत राहिले, तर दट्ट्यास भोंक पडण्यापर्यंत मजल जाते.

पूर्वीं ही जुळणी हातानें होत असे. १९८३ सालीं आलेल्या मारुति ८०० मोटारीस आरंभीं कार्बोरेटर होता. मेस्त्री इंजिन चालू ठेवून कान देई, स्क्रू थोडा फिरवी आणि पुन्हां कान देई. आतांच्या मोटारींत ह्या कामासाठीं एक लहानसा संगणक असतो, त्यास ‘ई.सी.यू.’ म्हणतात. त्याच्या स्मरणांत आपल्या पाढ्यांच्या तक्त्यासारखीं कोष्टकें भरलेलीं असतात. एका बाजूस इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे, दुसऱ्या बाजूस त्यावरील भार. दोन्ही ओळी जेथें मिळतात तेथें ठिणगी केव्हां पडावी, इंधन किती द्यावें, टर्बोचा दाब किती ठेवावा, हें सांगणारा आंकडा. सांप्रतचें ट्यूनिंग म्हणजे मुख्यतः हे आंकडे बदलणें होय. स्क्रू फिरविण्यास मेस्त्रीचा हात तेथें असावा लागे. आंकडे मात्र क्षणांत हजार मैल जाऊं शकतात. दुरून ट्यूनिंग होऊं शकतें काय, ह्याचें उत्तर म्हणूनच ‘होय’ असें आहे.

तथापि इंजिनांतील सर्वच गोष्टी आंकड्यांत नसतात, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे. हवा आंत घेणाऱ्या व धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा कॅमशाफ्ट नांवाच्या दांड्यावरील उंचवट्यांनीं उघडतात. हे दांडे घडविणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी आपल्याच सोलापुरांत १९९२ सालीं निघाली, आणि तिचा माल देशोदेशींच्या मोटार-कारखान्यांत जातो. त्या दांड्यावरील उंचवट्याचा आकार धातूंत घासून कायम केलेला असतो. कोणतीही फाइल तो बदलूं शकत नाहीं. झिजलेली झडप, चोंदलेलें हवेचें गाळण, फाटलेली नळी ह्यांसही फाइल दुरुस्त करीत नाहीं. फार तर तीं झांकून टाकते.

आतां दुसरा मुद्दा. वाढलेली शक्ति येते कोठून? कारखान्यांतून बाहेर पडलेली मोटार ‘न जुळविलेली’ असते असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नव्हे. तिची जुळणी अनेक महिने चालते. कडक ऊन, गोठविणारी थंडी, उंच घाट अशा सर्व ठिकाणीं तिची परीक्षा घेतात. विक्रीस येण्यापूर्वीं तिला सरकारमान्य संस्थेची कसोटी उतरावी लागते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ सालीं स्थापन झालेली संस्था त्यांपैकीं प्रमुख होय. तेथें मोटार रोलरांवर चालवून तिच्या धुराचें पृथक्करण करितात. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या ‘भारत स्टेज ६’ ह्या नियमांनीं ही कसोटी पूर्वींपेक्षां पुष्कळच कडक झाली आहे. ह्या सर्व खटाटोपांत कंपनी कांहीं शक्ति मुद्दाम हातची राखून ठेविते. कोणी हलकें पेट्रोल भरील, कोणी भर मे महिन्यांत घाट चढेल, कोणी तेल बदलण्यास विसरेल, अशा सर्वांसाठीं ती शिल्लक असते. ट्यूनिंग करणारा नवी शक्ति निर्माण करीत नाहीं. तो ह्या शिलकेंतून उचल करितो. उचल करणें हें नेहमींच पाप नव्हे. पण खात्यावर किती शिल्लक आहे हें न पाहतां उचल करणें हा मूर्खपणा होय. दोन पद्धतींचा सारा वाद आमच्या मतें येथेंच आहे. शिल्लक कोण पाहतो, आणि कशावरून पाहतो?

शक्ति मोजण्याची विद्या जुनी आहे. जेम्स वॅट ह्यानें एका मिनिटांत ३३,००० फूट-पौंड कार्य म्हणजे एक अश्वशक्ति असें प्रमाण ठरविलें. आजच्या भाषेंत ती सुमारें ७४६ वॅट होते. १८२१ सालीं फ्रान्समधील प्रोनी ह्यानें फिरत्या दांड्यास घर्षणाचा ब्रेक लावून यंत्राची शक्ति मोजण्याची युक्ति काढिली. ज्या दशकांत सोलापुरांत कापडाची पहिली मोठी गिरणी उभी राहिली, त्याच दशकांत, १८७७ सालीं, इंग्लंडांत विल्यम फ्रूड ह्यानें जहाजांच्या मोठ्या इंजिनांसाठीं पाण्याचा ब्रेक तयार केला. अशा यंत्रास डायनमॉमीटर म्हणतात. मोटारीच्या धंद्यांतील लोक थोडक्यांत ‘डायनो’ म्हणतात. तत्त्व सोपें आहे. इंजिनाचें पीळबळ आणि त्याचा फिरण्याचा वेग ह्यांचा गुणाकार म्हणजे शक्ति. २०० न्यूटन-मीटर पीळबळ मिनिटास ३,००० फेऱ्यांवर मिळत असेल, तर शक्ति सुमारें ६२.८ किलोवॅट, म्हणजे ८४ अश्वशक्ति होते. विद्यार्थ्यांनीं हा हिशेब स्वतः करून पाहावा.

रोलरांच्या डायनोवर मोटार चढवून तिला पट्ट्यांनीं घट्ट बांधतात. चाकें जागच्या जागीं रोलरांना फिरवितात. कांहीं यंत्रांत नुसता जड रोलर असतो. तो किती लवकर वेग घेतो ह्यावरून शक्ति काढितात. अधिक चांगल्या यंत्रांत विद्युच्चुंबकीय ब्रेक असतो, आणि इंजिन हव्या त्या वेगावर, हव्या त्या भाराखालीं धरून ठेवितां येतें. धुराच्या नळींत हवा-इंधनाचें प्रमाण दाखविणारा स्वतंत्र सेन्सर बसवितात. जाणता ट्यूनर कोष्टकांतील एकेका घरांत इंजिन उभें करितो, ठिणगी थोडी पुढें घेतो आणि पीळबळ वाढतें कीं नाहीं तें पाहतो. जेथें वाढणें थांबलें तेथें तोही थांबतो. कारण त्यापुढें जाण्यांत लाभ नाहीं, धोका मात्र आहे. शेजारीं उभ्या असलेल्या माणसास आवाज ऐकूं येतो, वास येतो, नळी फुसफुसत असेल तर तीही कळते.

दुरून होणाऱ्या ट्यूनिंगचा प्रकार निराळा. सुकाणूच्या खालीं असलेल्या खांचेंत एक लहान यंत्र बसवून मूळ फाइल वाचून घेतात व इंटरनेटनें पाठवितात. ट्यूनर ती बदलून परत धाडितो. मालक मोटार चालवितो. मोटारीचे सेन्सर जें जें सांगतील त्याची नोंद होते. ती नोंद पाहून ट्यूनर दुसरी फाइल पाठवितो. प्रामाणिक ट्यूनर असे तीन-चार फेरे करितो. आळशी ट्यूनर एकच तयार फाइल शंभर गिऱ्हाइकांस विकून मोकळा होतो. ह्या पद्धतीचे गुण नाकबूल करितां येत नाहींत. खर्च कमी येतो. मोटार सोलापुराहून अडीचशें किलोमीटर पुण्यास न्यावी लागत नाहीं. त्या विशिष्ट इंजिनाचा उत्तम जाणकार दुसऱ्या खंडांत असला तरी त्याची विद्या घरबसल्या मिळते. शिवाय नोंद खऱ्या रस्त्यावरची, खऱ्या वाऱ्यांतली असते.

मग उणें कोठें पडतें? शाळेंतलाच दाखला घेऊं. दुरून होणाऱ्या ट्यूनिंगमध्यें मोटार स्वतःची उत्तरपत्रिका स्वतःच तपासते. नोंदींतील प्रत्येक आंकडा तिच्याच सेन्सरांनीं दिलेला असतो. हवा मोजणारा सेन्सर धुळीनें माखला असेल तर तो चुकीचें सांगेल, आणि दूरचा ट्यूनर त्या चुकीवरच पुढचा हिशेब बांधील. मोटारीचा संगणक पीळबळाचा जो आंकडा दाखवितो, तो बहुधा मोजलेला नसतो. तो त्याच्याच कोष्टकांतून काढिलेला असतो, आणि तींच कोष्टकें ट्यूनरनें बदललेलीं असतात! डायनो हा बाहेरचा परीक्षक होय. त्यास मोटारीच्या म्हणण्याशीं कर्तव्य नाहीं. चाकांनीं रोलर किती जोरानें फिरविला एवढेंच तो पाहतो.

आमचा एक माजी विद्यार्थी गॅरेज चालवितो. त्यानें सांगितलेली हकीकत येथें देण्याजोगी आहे. एका गृहस्थांनीं आपल्या डीझेल मोटारीचें ट्यूनिंग दुरून करून घेतलें होतें. नोंदी निर्दोष होत्या. टर्बोचा दाब ठरल्याप्रमाणें दिसत होता. मे महिन्यांत कुटुंबासह तुळजापूरचा घाट चढतांना मोटार तापली, धोक्याचा दिवा लागला आणि भर दुपारीं लहान मुलांसह त्यांस रस्त्याच्या कडेस उभें राहावें लागलें. मोटार गॅरेजमध्यें आल्यावर आमच्या ह्या विद्यार्थ्यानें टर्बोच्या रबरी नळीवरून हात फिरविला, तों ती खालच्या अंगास चिरलेली आढळली. भार पडला कीं चीर उघडे व हवा निसटे. तूट भरून काढण्यासाठीं टर्बो अधिकाधिक वेगानें फिरे, आणि म्हणूनच दाब ठरल्याप्रमाणें दिसे. “सर,” तो आम्हांस म्हणाला, “आंकडे खोटें बोलत नव्हते, पण त्यांनीं अर्धेंच सांगितलें.” हें वाक्य आम्हीं दुसऱ्या दिवशीं फळ्यावर लिहिलें.

दुसरें उणें हवेचें व इंधनाचें. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचारशें मीटर उंचीवर आहे. त्यामुळें येथील हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षां सुमारें शेंकडा ५ नें कमी असतो. मे महिन्यांतील ४२ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षां, दाब सारखाच धरला तर, शेंकडा ८ ते ९ नें विरळ असते. दोन्ही एकत्र धरिलीं, तर थंड देशांतील किनाऱ्यावर बसून फाइल लिहिणाऱ्याच्या कल्पनेपेक्षां आपली हवा शेंकडा १३ च्या सुमारास पातळ ठरते. संगणक ह्यासाठीं कांहीं फेरफार आपण होऊन करितो. पण टर्बोवर त्याचा ताण पडतोच. इंधनाची गोष्ट तर आपल्या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याची आहे. पंढरपूर-माळशिरसकडे जो ऊस पिकतो, त्याच्या मळीपासून व रसापासून इथेनॉल होतें, आणि २०२५ सालीं देशांतील पेट्रोलमध्यें त्याचें प्रमाण शेंकडा २० च्या आसपास पोंचलें. शुद्ध इथेनॉलच्या एका भागास सुमारें ९ भागच हवा पुरते. म्हणून ह्या मिश्रणास १४.७ ऐवजीं सुमारें साडेतेरा भाग हवा लागते. नॉकिंगला इथेनॉल चांगलें तोंड देतें हें खरें. परंतु निराळें पेट्रोल गृहीत धरून लिहिलेली फाइल येथें पूर्ण भाराखालीं इंधन कमी देण्याचा संभव असतो, आणि इंधन कमी पडलें कीं इंजिन तापतें.

तिसरें उणें आम्हांस सर्वांत गंभीर वाटतें. नोंद घेण्यासाठीं मालकास पूर्ण पेडल दाबून, बहुधा तिसऱ्या गिअरमध्यें, इंजिन शेवटच्या फेऱ्यांपर्यंत पळवावें लागतें. डायनोवर हें चार भिंतींच्या आंत, पट्ट्यांनीं बांधलेल्या मोटारीवर होतें. दुरून करावयाचें तर हें कोठें करणार? पुणें-सोलापूर हमरस्त्यावर! अशा चौपदरी रस्त्यावर प्रवासी मोटारीस ताशीं १०० किलोमीटरची कमाल मर्यादा २०१८ च्या सरकारी अधिसूचनेनें ठरविली आहे, आणि पुष्कळ मोटारी तिसऱ्या गिअरमध्येंच ती ओलांडतात. त्याच रस्त्यानें उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या जातात, पायीं पंढरीस निघालेले वारकरी जातात, सायकलीवर शाळेस येणारीं आपलीं मुलें जातात. आपल्या प्रयोगशाळेंत दुसऱ्याचा जीव हें उपकरण म्हणून वापरण्याचा अधिकार कोणासही दिलेला नाहीं.

तर मग डायनो निर्दोष आहे काय? तसेंही नाहीं. बाहेरच्या परीक्षकाचेही दोष असतात. चाकांवर मोजलेली शक्ति इंजिनावरच्या शक्तीपेक्षां, मध्यें गिअर वगैरेंत होणाऱ्या घर्षणामुळें, बहुधा शेंकडा १० ते २० नें कमी भरते. दोन गांवचे दोन डायनो एकाच मोटारीस निराळे आंकडे देतात. हवेच्या उष्णतेसाठीं व दाबासाठीं जी दुरुस्ती आंकड्यांत करितात, ती वाढवून गिऱ्हाइकास खूष करणारेही आढळतात. पुढें ठेविलेला पंखा रस्त्यावरच्या वाऱ्याची बरोबरी करीत नाहीं. आणि दहा-पंधरा सेकंदांची धांव म्हणजे घाटांतील वीस मिनिटांची चढण नव्हे. म्हणून डायनोच्या एकट्या आंकड्यास फारसा अर्थ नसतो. त्याच यंत्रावर, त्याच दिवशीं, बदलाच्या आधीं एकदां व नंतर एकदां मोजून जो फरक निघेल, तोच विश्वासार्ह होय.

सारांश असा. मोटार मूळ स्थितींतील, निरोगी व सर्वत्र आढळणाऱ्या जातीची असेल, ट्यूनर नोंदी मागवून त्या खरोखर वाचीत असेल, आणि वाढ माफक असेल, तर दुरून केलेलें ट्यूनिंग पुरेसें होऊं शकतें. मात्र नोंदींसाठीं बंद पटांगण किंवा डायनो पाहावा. मोटारीचा टर्बो, इंधनाच्या पिचकाऱ्या किंवा असे मोठे भाग बदलले असतील, अथवा ती जुनी असेल, तर रोलरांवाचून गत्यंतर नाहीं. तेथें दुसऱ्या मोटारीवरून अंदाज बांधणें म्हणजे एकाच्या नंबराचा चष्मा दुसऱ्यास लावणें होय. दोन्ही प्रकारांत आधीं मोटारीची साधी देखभाल करावी: गाळण, तेल, स्पार्क प्लग, नळ्या, टायरांतील हवा. पुष्कळांस असें आढळेल कीं हरवलेली शक्ति तेथेंच होती.

कायद्याविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ ह्याचें ५२ वें कलम वाहनांतील फेरफारांविषयीं आहे, आणि कंपनीनें दिलेल्या मूळ तपशिलांत फरक पडेल असा बदल करितां येत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें दिला. कंपनीची हमीही अशा बदलानें धोक्यांत येते. डीझेल मोटारींतील काजळी अडविणारें गाळण काढून टाकून फाइलमधून त्याची नोंदच पुसणें हा प्रकार तर सर्वथा निंद्य आहे. आपल्या दोन-चार अश्वशक्तींसाठीं शेजाऱ्याच्या लेंकराच्या छातींत धूर भरावयाचा, हें शेजाऱ्यावर प्रीति करण्याच्या आज्ञेंत कोठें बसतें?

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे परत येऊं. मामांची वीस अश्वशक्ति मोजली कोणीं? आम्हीं चौकशी केली तेव्हां कळलें कीं, ती कोणींच मोजली नव्हती. विकणाऱ्यानें सांगितली, घेणाऱ्यानें मानली आणि पेडल दाबतांच मोटार पूर्वींपेक्षां चपळ वाटली, एवढाच पुरावा. पुष्कळदां अशी चपळाई पेडलाचें कोष्टक बदलल्यानेंच वाटते; थोडें दाबलें कीं इंजिन अधिक उघडतें, पण शेवटची शक्ति तेवढीच राहते. खोट्या तराजूविषयीं शलमोनाच्या नीतिसूत्रांत जी ताकीद आहे ती बाजारांतील वाण्यापुरती नाहीं. जो आंकडा आपण मोजला नाहीं तो छातीठोकपणें सांगणें, हाही खोटा तराजूच. मामांनीं मोटार रोलरांवर न्यावी कीं नाहीं हें त्यांचें त्यांनीं ठरवावें. त्यांच्या भाच्यानें मात्र जो प्रश्न वर्गांत उभें राहून विचारला, तो पुढील आयुष्यांत, औषधाच्या जाहिरातीपुढें, सभेंतील भाषणापुढें आणि स्वतःच्या प्रगतिपुस्तकापुढेंही, असाच निर्भयपणें विचारीत राहावा, अशी आमची प्रार्थना आहे.